जाड तेलाचा उतारा

"गळतंय थोडं, जरा जाड तेल द्या." मिरकरवाडा, हर्णै, देवगड, कुठल्याही बंदराजवळच्या तेलाच्या दुकानात हे वाक्य कानावर पडतं. दुकानदार फार चौकशी करत नाही. १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० चा डबा काढतो, नाहीतर सुटं ५० नंबरचं तेल देतो. नाखवा समाधानानं बोटीकडे जातो. बोटीच्या पोटात बसलेल्या डिझेल इंजिनाची गळती अशा रीतीनं दर हंगामात दुकानाच्या फळीवर मिटवली जाते, आणि दर हंगामात पुन्हा उगवते.

या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकात कोंबलेले आहेत. गळती का होते हा एक, आणि या इंजिनाला कुठलं तेल लागतं हा दुसरा. माझं म्हणणं असं की ही दोन खाती वेगळी ठेवावीत. गळती शोधताना तेल योग्यच आहे असं धरून चालावं. तेल निवडताना गळती नाहीच असं धरावं.

यावर लगेच उत्तर येतं की जाड तेल कमी गळतं, हे तर डोळ्यांना दिसतं. दिसतं खरं. प्रश्न आहे किती कमी गळतं याचा. बारीक फटीतून तेल किती पाझरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: फट केवढी, आतून ढकलणारा दाब केवढा, आणि तेल किती जाड. आता आकडे घेऊ. सेकंदाला एक थेंब ही गळती ऐकायला किरकोळ वाटते. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला १८० मिलिलिटर आणि दहा तासांत जवळजवळ पावणेदोन लिटर तेल बोटीच्या तळात जातं. इंजिन कामावर असताना तेल शंभर अंशांच्या आसपास तापतं. त्या तापमानाला १५डब्ल्यू-४० चा दाटपणा साधारण साडेचौदा सेंटिस्टोक असतो, २०डब्ल्यू-५० चा अठराच्या आसपास. म्हणजे गळती फार तर पाचव्या हिश्शानं उतरेल. दहा तासांत पावणेदोन लिटर जाणारं तेल आता सव्वाचौदाशे मिलिलिटर जाईल. एवढ्यासाठी इंजिनाचं सगळं वंगण बदलायचं?

तरीही लोकांना फरक मोठा वाटतो, त्याला कारण आहे. आपण गळती बघतो ती बोट धक्क्याला लागल्यावर, इंजिन थंड असताना. चाळीस अंशांवर पहिलं तेल ११० च्या आसपास असतं आणि दुसरं १६० च्या. वर इंजिन बंद, म्हणजे आतला दाबही गेलेला. धक्क्यावर इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरखाली ठेवलेला पत्रा कोरडा दिसतो आणि जाड तेलानं काम केलं असं वाटतं. गळती मात्र होते ती समुद्रात, जाळं ओढताना, जेव्हा खाली वाकून बघायला कुणी मोकळा नसतो.

जाड तेलाची किंमत मोजावी लागते ती पहाटे, स्टार्टर मारताना. तेलपंप चेंबरमधून तेल उचलून क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत आणि तिथून वर टॅपेटपर्यंत पोचवतो. थंड, दाट तेल तिथवर जायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातू जुन्या पातळ थरावर फिरत राहतात. तेलाच्या दाबाच्या घड्याळावर मात्र दाब जास्त दिसतो, आणि ड्रायव्हर खूश होतो. बागेतल्या पाईपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार जोरात उडते, पण बादली उशिरा भरते. तेलाच्या घड्याळाचंही तसंच. काटा अडथळा सांगतो, तेल किती पोचलं ते सांगत नाही. शिवाय फिल्टरमधून दाट तेल जाईना की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. हंगामभर रोज पहाटे असं होत राहिलं तर बेअरिंगं त्याचा हिशेब मागतात.

गळती ठरवणाऱ्या तीन गोष्टींपैकी जाडपणा असा बाद झाला. उरले दाब आणि फट. लोक फटीच्या मागे लागतात, मी आधी दाबाकडे जाईन, कारण तिथं बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत.

पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा वायू खाली क्रँकच्या घरात उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदरची नळी काजळीनं, चिकट गाळानं किंवा नुसतीच दुमडून बंद झाली, की तो वायू दुसरी वाट शोधतो आणि ती वाट ऑईल सीलमधून जाते. नवीन सील बसवलं, महिन्यात पुन्हा गळायला लागलं, म्हणून सीलवाल्याच्या नावानं बोटं मोडली, असं जिथं झालं असेल तिथं ब्रीदर काढून फुंकून बघावा. तो मोकळा असेल तर पुढची परीक्षा: इंजिन गरम करून, हळू चालू ठेवून, तेल ओतायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवायचं. नुसतं थरथरलं तर ठीक. उड्या मारू लागलं आणि खालून दाट धूर येत राहिला, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे. रिंगा किंवा लायनर झिजलेत. अशा इंजिनाला जगातलं कुठलंही सील टिकणार नाही. इथं पट्ट्यापासून हात आणि बाह्या लांब ठेवाव्यात, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

दाबाचं दुसरं कारण जास्त गमतीचं आहे, कारण ते काळजीपोटीच तयार होतं. बोटीत इंजिन सपाट बसत नाही. शाफ्ट मागे पंख्याकडे उतरता जातो, म्हणून इंजिनही मागच्या बाजूला कललेलं असतं. आपल्या ट्रॉलरांवरची कितीतरी इंजिनं मुळात ट्रकच्या कुळातली. ट्रकसाठी आखलेली तेलाची काडी कललेल्या इंजिनात खोटं बोलते. काडीची जागा पुढे असेल तर तिच्यापाशी तेल कमी दिसतं. ड्रायव्हर बिचारा खुणेपर्यंत तेल ओततो आणि प्रत्यक्षात दोन लिटर जास्त होतं. मग फिरणारा क्रँक तेलात बुडतो, ते घुसळतो, फेस होतो. मागचं सील तर कलामुळे आधीच सगळ्यात खाली असतं, तेलाच्या अगदी तोंडाशी. तिथून तेल बाहेर येतं. काडीवर पातळी उतरलेली दिसते, ड्रायव्हर पुन्हा ओततो. हे चक्र मोडायला एकदा नीट खूण करून घ्यावी. चेंबर पूर्ण रिकामं करावं, नवीन फिल्टर लावावा, पुस्तकात लिहिलंय तेवढंच तेल मापून घालावं, इंजिन थोडं चालवून बंद करावं, तेल खाली उतरू द्यावं आणि बोट पाण्यावर नेहमीसारखी उभी असताना काडी जिथं ओली होईल तिथं कानशीनं चर पाडावा. डिझेल आणि बर्फ भरल्यावर बोट वेगळी बसते, म्हणून नंतरची तपासणीही त्याच अवस्थेत करावी.

आता फट. तेल जिथून ठिबकतं तिथून ते गळत असतंच असं नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेलं तेल ब्लॉकवरून उतरत, इंजिनाच्या कलाप्रमाणे मागे सरकत, फ्लायव्हीलच्या घराखाली थेंब धरतं. आणि मागचं सील गेलं असा निवाडा होतो. मागचं सील बदलायचं तर गिअर बॉक्स हलवावा लागतो, शाफ्टची जोडणी सोडावी लागते, दोन दिवसांची मजुरी. वरचं पॅकिंग मात्र चार-दोन नट सोडले की हाताशी येतं. म्हणून इंजिन आधी धुवावं. डिझेलनं पुसून, कोरड्या फडक्यानं सुकवून, संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारावी, अर्धा तास चालवावं आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला डाग शोधावा. खालच्या डागांना तोवर हात लावू नये.

पॅकिंगच्या बाबतीत एकच सांगतो: सिलिकॉनचा मोह आवरा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दोरीसारखं लोंबतं, तुटतं, आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबवायला गेलेला माणूस मग तेलच बंद करून बसतो. सीलच्या बाबतीत, जुनं सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवावं. नख अडलं तर रबराच्या ओठानं लोखंडाला चर पाडलाय. नवीन सील त्याच चरात बसवण्यात अर्थ नाही. जागा असेल तर ते एखाद-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवून शाफ्टच्या कोऱ्या भागावर टेकवता येतं, नाहीतर शाफ्टवर पातळ बाही चढवावी लागते. गळती थांबवणारी म्हणून जी औषधं तेलात घालतात, ती रबर फुगवतात. वाळून कडक झालेल्या सीलला त्यानं काही महिने बरं वाटतं. चर भरून निघत नाही.

या सगळ्यात एक अवस्था मला सगळ्यात घातक वाटते, आणि तिची तक्रार कुणी करत नाही. इंजिन गळतंय, तरी काडीवर तेल तेवढंच आहे. कमी होत नाही म्हणून सगळे निर्धास्त. अरे, जर खाली जातंय, तर वरून काय येतंय? एकतर डिझेल येतंय, फीड पंपाच्या फाटक्या पडद्यातून किंवा इंजेक्शन पंपातून. तेल पातळ होतं, त्याला डिझेलचा वास येतो, आणि पातळ झाल्यामुळे गळती वाढते. इथं जाड तेल मागणारा माणूस रोगाला खतपाणी घालत असतो. नाहीतर पाणी येतंय. ऑईल कूलरमध्ये एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला पाणी. इंजिन चालू असताना तेलाचा दाब तीन-चार किलो आणि पाण्याचा त्याहून बराच कमी, म्हणून नळी खारानं कुरतडली तर तेलच पाण्यात जातं. ज्या बोटींत कूलरमधून समुद्राचं पाणी फिरतं, तिथं ते एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर बाहेर जातं आणि मागे पाण्यावर तवंग उठतो. इंजिन बंद केलं की दाब उलटतो आणि रात्रभरात खारं पाणी तेलात शिरतं. सकाळी काडीवर पातळी बरोबर, फक्त तेल पांढुरकं. ते इंजिन तसं सुरू करू नये.

राहिलं तेल. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली जाडी. '१५डब्ल्यू' मधला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा, आणि त्या दर्जाच्या तेलाची स्टार्टरची परीक्षा उणे २० अंशांवर होते. रत्नागिरीत तेवढी थंडी पडली तर तेलाची चिंता करायला बोटीवर कुणी नसेल. मागचा ४० हा गरम इंजिनाचा आकडा, आणि आपल्या कामाचा तोच. साधं ४० आणि १५डब्ल्यू-४०, दोन्ही गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात येतात. दुसरं पहाटे लवकर वाहतं, एवढाच फरक. पुस्तकात ४० असेल तर ४० घालावं.

दुसरी गोष्ट एपीआयचा दर्जा, आणि इथं जाड तेलवाले खरे फसतात. 'एस'नं सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनांचा, 'सी'नं सुरू होणारा डिझेलचा. बाजारातलं बरंचसं २०डब्ल्यू-५० मोटारसायकलींसाठी आणि पेट्रोल गाड्यांसाठी बनतं. डिझेलची काजळी धरून ठेवायची ताकद त्यात बेताची. डब्यावर सीएच-४ किंवा सीआय-४ असेल तर आपल्या इंजिनांना पुष्कळ झालं. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असे, त्याचं आम्ल मारायला तेलात जास्त अल्कली लागे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं आणि गंधक दशलक्षात दहा भागांवर उतरलं. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरांची ती धास्ती आता बाळगायचं कारण नाही. काजळी आणि पाणी मात्र आहेतच, म्हणून बदलायचे तास पुस्तकातलेच पाळावेत. गळतं म्हणून रोज नवीन ओततोच, मग बदलायचं कशाला, हा युक्तिवाद मी बंदरावर ऐकलाय. काजळी थेंबाबरोबर थोडी जाते, बाकीची आतच राहते, आणि फिल्टर तर तोच असतो.

सगळी गळती आजच थांबवली पाहिजे असंही नाही. चेंबर पॅकिंगला घाम फुटल्यासारखी ओल असेल तर खाली ट्रे ठेवा, तेल बिल्जच्या पंपातून समुद्रात जाऊ देऊ नका आणि जूनच्या मासेमारीबंदीपर्यंत थांबा. पण पंपाच्या दाबाखालची कुठलीही ओल, म्हणजे कूलरकडे जाणारा होज, फिल्टरचं तोंड, दाबाच्या घड्याळाची बारीक नळी, यांना एक दिवसही देऊ नये. होज लाकडी चौकटीला घासत असेल तर तो फुटेल तो जोरात रेस असतानाच, आणि चेंबर मिनिटाभरात रिकामं होईल. उडालेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर गोष्ट इंजिनापुरती राहत नाही.

बंदीत बोट वर काढताना बहुतेक जण तेल तसंच ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बदलतात. हे उलटं आहे. वापरलेल्या तेलातलं आम्ल आणि पाणी दोन महिने बेअरिंगांवर बसून राहतं. मे अखेरीस गरम इंजिनातून तेल काढावं, पुस्तकातलंच नवीन भरावं, दहा मिनिटं फिरवून सगळीकडे पोचवावं आणि मगच बॅटरीची वायर सोडावी. मधल्या काळात पंधरा दिवसांनी एकदा क्रँक हातानं दोन फेरे फिरवला तर सीलचा ओठ एकाच जागी चिकटून वाळत नाही.