नावं फुकट होती

जॉर्ज ऑर्वेलनं ९ फेब्रुवारी १९४६च्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या लाडक्या लंडनी पबचं, ‘द मून अंडर वॉटर’चं, वर्णन केलं: आडगल्लीतली जागा, गप्पा मारता येतील इतपत शांतता, पिंपातली स्टाउट, खायला चीज आणि लोणचं. शेवटाकडे कबुली दिली, की असा पब मुळात नाहीच.

तिथल्या बारमेड बहुतेक गिऱ्हाइकांना नावानं ओळखतात, आपुलकी दाखवतात. ही आपुलकी पैसे मोजून मिळालेली, म्हणून खोटी का? मला तसं वाटत नाही. नर्सची आस्थाही पगारी असते, तरी खरी असू शकते. अडचण वेगळीच आहे. कंटाळा आला तर गिऱ्हाईक उठून जातं; काउंटरमागच्या बाईला पब बंद होईपर्यंत हसावंच लागतं.

ऑर्वेल कष्टकऱ्यांच्या बाजूचा लेखक. त्यानं त्यांतल्या दोघींचे रंगवलेले केससुद्धा टिपले. नाव मात्र एकीचंही दिलं नाही. कल्पनेतल्या पबात नावं तर फुकट होती!

नेहमीच्या अड्ड्यावर आपल्याला ओळखतात, याचं आपल्याला कोण अप्रूप. तिथं आपण कुणाला ओळखतो?