खाणीची विद्या आणि तिचें ऋण

विद्येनें अधिकार येतो हें आपण सारेच मानतों. परंतु तो अधिकार कोणावर आणि कोणत्या अटीवर, याचा विचार पदवीदानाच्या दिवशीं सहसा कोणी करीत नाहीं. पुष्कळ शास्त्रांत ही उपेक्षा खपून जाते. खनिकर्माच्या पदवींत ती खपत नाहीं. म्हणूनच खाणींत ज्यांचें पाऊल कधींही पडणार नाहीं अशा वाचकांनींही त्या पदवीचा विचार करण्यासारखा आहे.

या विद्येची परंपरा जुनी आहे. सॅक्सनींतील फ्रायबेर्ग येथील खनिविद्यालय १७६५ सालीं निघालें. आपल्याकडे धनबादचें विद्यालय १९२६ सालीं स्थापन झालें व २०१६ पासून तें आय. आय. टी. म्हणून ओळखलें जातें. चंद्रपुरच्या कोळशापासून फारशा दूर नसलेल्या नागपुरांतही हा अभ्यासक्रम शिकवितात. भूस्तर, मोजणी, सुरुंग, खाणींतील हवा खेळती ठेवणें, छताला आधार देणें, हे सारे विषय विद्यार्थ्यापुढें गणिताच्या रूपानें येतात. मिथेन वायु हवेंत शेंकडा सुमारें पांच ते पंधरा या प्रमाणांत मिसळला कीं तो स्फोटक होतो. परीक्षेंत हा आंकडा चुकला तर दोन गुण जातात. खाणींत चुकला तर जें जातें त्याची मोजदाद गुणांनीं होत नाहीं.

कोणी म्हणेल, हें तर वैद्यालाही लागू आहे. आहे खरें, परंतु रोगी आपल्या पायांनीं वैद्याकडे जातो, आणि शंका आली तर दुसऱ्याकडेही जाऊं शकतो. खाणीच्या तळाशीं काम करणाऱ्या मजुराला ही सोय नाहीं. झरियाच्या कोळसाक्षेत्रांतील चासनाळा येथें २७ डिसेंबर १९७५ रोजीं सांठलेलें पाणी एकाएकीं खाणींत घुसलें आणि ३७५ माणसें गेलीं. पाणी कोठें सांठलें आहे, मधला खडक किती जाड आहे, हें कुदळ चालविणाऱ्याच्या दृष्टीला दिसत नाहीं. तें नकाशा वाचणाऱ्यानेंच जाणावयाचें असतें. म्हणजे एकाचें ज्ञान हाच दुसऱ्याच्या जीविताचा आधार. असा विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्याची विद्या केवळ त्याच्या उपजीविकेचें साधन राहत नाहीं. ती दुसऱ्याची ठेव होते.

यावर आणखी एक आक्षेप येईल : कायदे आहेत, तपासनीस आहेत, मग सद्सद्विवेकाला वेगळें काय उरलें? उरतें तें हें, कीं धोका दिसतांच माणसें बाहेर काढावीं असा नियम लिहितां येतो, पण धोका पाहण्याची इच्छा नियमानें उत्पन्न होत नाहीं. एका बाजूस ठरलेला माल वर काढण्याची निकड आणि दुसऱ्या बाजूस छताला पडलेली बारीकशी भेग, यांच्यामध्यें अधिकारी उभा असतो. भेग दिसली नाहीं असें मानणें त्या घटकेला फार सोयीचें असतें. ‘काम थांबवा’ हे दोन शब्द उच्चारण्याचें धैर्य ज्या शिक्षणानें दिलें नाहीं, त्यानें आंकडेच दिले, विद्या दिली नाहीं.

हें ऋण फेडण्याचा आणखीही एक मार्ग आहे. फ्रायबेर्ग येथें शिकलेला आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट खाणींवरील अधिकारी झाला, तेव्हां त्यानें १७९३ सालीं श्टेबेन गांवीं खाणकामगारांसाठींच एक शाळा काढली. दुसऱ्याचा आंधळा विश्वास आपल्या अंगावर वागविण्यापेक्षां त्याला डोळे द्यावे, हें त्यांतलें मर्म होय.

आपला मुलगा अथवा मुलगी या पदवीसाठीं निघाली म्हणजे आपण वेतन विचारतों, बढती विचारतों. तें विचारणें गैर नाहीं. परंतु त्यासोबत एवढेंही विचारावें : ज्या जागीं तूं दुसऱ्याला उतरावयास सांगशील, तेथें स्वतः निःशंक मनानें उतरशील ना? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेलें नसतें. आणि पदवीची खरी किंमत त्याच उत्तरावर ठरते.