पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं?

चि. सोनू हिस,



प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून तुझी ऑर्डर निघाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. डॉक्टरकी तू शिकली आहेस, त्यात मी काय सांगणार? पण माझी सगळी नोकरी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून गेली. साहेब किंवा मॅडम टेबलाच्या अलीकडून कसे दिसतात ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

चार्ज घेताना तुझ्यापुढे डेडस्टॉक रजिस्टर येईल, औषधसाठा येईल, गाडीचं लॉगबुक येईल. माणसं मात्र हजेरीपटावरच्या सह्यांपुरतीच दिसतील. त्यामुळे पहिल्या आठवड्यात केबिनमध्ये बसू नकोस. एखाद्या सेविकेबरोबर लसीकरणाचा अख्खा दिवस काढ, आणि तोही तपासणीसाठी नव्हे. सकाळी फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक बाहेर मांडून थांबावं लागतं. त्यांना घाम फुटला, हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच ते लसवाहकात भरायचे. गाडी दारात हॉर्न देत असली की हेच थांबणं राहून जातं. मग पेंटाव्हॅलंटची किंवा टीडीची कुपी गोठते, आणि गोठलेली लस टाकूनच द्यावी लागते.

आता मुद्दा असा, की कुपी गोठली हे ती सेविका तुला येऊन सांगेल का? चूक कबूल केली की हातात 'कारणे दाखवा' नोटीस पडते, असं ज्या केंद्रावर सगळ्यांना माहीत असतं, तिथे ती कुपी टाकली जात नाही. ती बाळाच्या मांडीत जाते आणि अहवालात शंभर टक्के काम दिसतं. म्हणून जी पहिली बाई तुझ्याकडे येऊन "मॅडम, माझ्याकडून लस गोठली" म्हणेल, तिच्याशी तू कशी वागतेस याकडे सगळ्या केंद्राचं लक्ष असेल. तिला बसव, काय झालं ते विचार, आणि गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलता येईल का ते बघ.

मासिक सभेबद्दलही सांगते. टक्केवारीचा तक्ता भिंतीवर लावून शेवटच्या नंबरच्या उपकेंद्राच्या सेविकेला उभं करायचं, ही जुनी रीत आहे. मी तशी उभी राहिलेली आहे. त्या दिवशी माझ्या मनात एकच विचार होता, की पुढच्या महिन्यात आकडा कसाही भरून काढायचा. घरी कोण आजारी आहे, कोणत्या वस्तीतली बाई तपासणीला येत नाही आणि का येत नाही, यातलं मनात काहीच उरलं नव्हतं. पुढे एका दुसऱ्या केंद्रावर मला वेगळे साहेब मिळाले. ते सभेच्या सुरुवातीलाच विचारायचे, "कोणाचं काय अडलंय?" बीपीचं मशीन बंद, उपकेंद्राचा नळ तुटलेला, जे असेल ते स्वतः वहीत लिहायचे. पुढच्या सभेत आधी तीच वही उघडून काय झालं, काय झालं नाही ते वाचायचे. आकड्यांचा तक्ता त्यांच्याकडेही होता, पण तो नंतर निघायचा. त्या केंद्रावर रात्री फोन आला तर कोणी टाळलेला मला आठवत नाही.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते आता. रात्री दोनला गावची आशा कार्यकर्ती एखाद्या बाईला घेऊन येते. सिस्टरला रक्तस्राव थांबेना असं दिसतं, तू सलाइन लावून जिल्हा रुग्णालयात पाठवतेस, ड्रायव्हर घाटातून गाडी काढतो, परिचर बाई पहाटेपर्यंत प्रसूतीची खोली धुते. रजिस्टरमध्ये 'संदर्भित' असा शेरा पडतो. तिथेच सगळं संपतं. ती बाई वाचली की गेली, बाळ दूध ओढतंय का, हे या चौघांना कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षं असं चालतं. मग आपण म्हणतो, कर्मचाऱ्यांना कामाचं काही वाटत नाही. ज्याला आपल्या कष्टाचं फळ कधी दिसतच नाही, त्याला वाटणार तरी कसं?

तू त्या रजिस्टरला एक रकाना वाढव. 'पुढे काय झालं'. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात फोन कर आणि जे कळेल ते चौघांनाही सांग, ड्रायव्हरला विसरू नकोस. बाई दगावली तरी सांग, लपवू नकोस. माता मृत्यूच्या अन्वेषणात तीन विलंब बघतात: घरातून निघायचं ठरायला लागलेला, वाटेत लागलेला, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला. तो कागद भरताना 'कोणामुळे' असं विचारलंस तर सगळे आपापली बाजू सांभाळतील. 'वेळ कुठे गेला' असं विचारलंस तर ड्रायव्हरच सांगेल, की डिझेलच्या मंजुरीसाठी चाळीस मिनिटं थांबलो.

हाताखालच्या माणसांची अशी कदर करून काम उभं केल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या, ते रुजलं नाही. मग गावांनीच आपल्यातल्या बायका आरोग्याच्या कामासाठी निवडून दिल्या. त्यातल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती, बऱ्याचजणी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला मुक्कामाला यायच्या आणि जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. प्रशिक्षणाइतकंच महत्त्व त्या मुक्कामाला होतं, असं मला वाटतं. गावात जिच्या सावलीचा विटाळ मानायचे, तिच्याकडेच नंतर बाळंतिणी येऊ लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. पन्नास-साठपर्यंत मोजणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून 'सर्च'ने एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. बाईला मोजता येत नाही म्हणून तिला काढून न टाकता तिच्या हाताला येईल असं साधन घडवलं, याला मी नेतृत्व म्हणते. तुझ्याकडे कोणाला पोर्टलवर नोंदी भरता येत नसतील, तेव्हा त्या मण्यांची आठवण ठेव.

आशांबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. 2005 पासून त्या आपल्या खात्याचा कणा आहेत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पण अजूनही त्यांना पगार नाही, मोबदला आहे. तो तुझ्या हातात नाही. मात्र त्यांचे दावे तुझ्या टेबलावरून वेळेत पुढे जाणं तुझ्याच हातात आहे. ज्या बाईचे तीन महिन्यांचे पैसे अडलेत तिला सेवाभावावर भाषण देऊ नकोस. आधी फॉर्मवर सही कर.

आणि रागावायचं झालं तर रागाव. जाणूनबुजून पेशंटला हाकलणाऱ्याला पाठीशी घालणं म्हणजे माणसांची कदर नव्हे. फक्त ते दार लावून, एकट्याला, चार माणसांसमोर नको.

पहिली मासिक सभा ठेवशील तेव्हा लांबच्या पाड्यांवरच्या आशांची परतीची एसटी किती वाजता असते ते गटप्रवर्तक बाईंना विचार आणि त्याआधी तासभर सभा संपव. त्यांच्या जेवणाचंही बघ, बऱ्याचजणी सकाळी न खाता निघतात. रकान्याचं काय झालं ते मला कळव, पहिल्या महिन्यातल्या नोंदी वाचायला आवडतील.

तुझी,
मावशी