आमरी आणि बांडगूळ

आपल्या कोकणात आंब्याफणसाच्या फांद्यांवर दोन प्रकारच्या वनस्पती वाढतात. बांडगूळ फांदीत मुळे खुपसून झाडाचा रस पिते. आमरी फांदीला नुसती बिलगते. पाणी घेते ते पावसाचे, अन्न करते ते स्वतःच्या पानांत. पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणारी सीतेची वेणी ही अशीच एक आमरी. तरी पुष्कळ लोक दोघींनाही बांडगूळच म्हणतात.

अमेरिकेत आमरीच्या कुळातील फॅलेनॉप्सिस 'ऑर्किड' म्हणून दुकानोदुकानी मिळते. आपणांपैकी अनेकांच्या खिडकीत ती असेल. ती मरते ती बहुधा उपासाने नव्हे, लाडाने. आपण तिला मातीत लावतो, रोज पाणी घालतो, आणि मुळे कुजतात. तिला सालीचे तुकडे, पूर्वेच्या खिडकीतला कोवळा प्रकाश आणि आठवड्यातून एकदा पाणी पुरते. भिजून हिरवी झालेली मुळे पुन्हा रुपेरी दिसेपर्यंत थांबावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आपल्या मुलांना शाळेत विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" कोकणचे म्हणावे, इस्राएलचे, की न्यू यॉर्कचे? मूळ मातीतच हवे असे धरले, तर परक्या फांदीवर राहणारे आपण सारे बांडगूळ ठरतो काय?

माझ्या मते कसोटी मातीची नाही, वागणुकीची आहे. आमरीने झाडाचा रस घेतला नाही एवढे पुरे. माणसाला मात्र तेवढ्याने सुटता येत नाही. यिर्मया नबीने बाबेलातील आपल्या बांधवांना कळवले होते की तेथे घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आपल्या पूर्वजांनी कोकणात तेच केले. गावाला तेल गाळून दिले आणि शब्बाथला घाणा बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्या नावात गावाची सेवाही आहे आणि आपला धर्मही.

कोणी म्हणेल, आम्ही कोणाचे काही घेतले नाही, स्वतःच्या बळावर उभे राहिलो. आमरीलाही असे म्हणता येणार नाही. तिच्या धुळीसारख्या बियांत अन्नाचा साठा नसतो. रानात बुरशीने पोसल्यावाचून बी रुजत नाही. 1922 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बी रुजवले. पण साखर घालणारा हात तेथेही होताच. आपल्या पहिल्या हिवाळ्यात कोणी जुना कोट दिला, कोणी नोकरीची ओळख करून दिली, हे आठवून पाहावे. ते ऋण देणाऱ्यालाच फेडता येते असे नाही. मागून येणाऱ्याला फेडावे लागते.

फुले गळली की पुष्कळ जण कुंडी टाकून देतात. तसे करू नये. शरदात रात्रीचा थोडा गारवा मिळाला की नवा दांडा फुटतो. आपला नव्याचा सणही त्याच सुमारास येतो. गावात नवीन आलेले कुटुंब असेल, तर त्या दिवशी त्यांना जेवायला बोलवावे.