कोपऱ्याच्या खांबाला ताण

वेलीला आधार लागतो हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्या आधारालाही आधार लागतो, हे मात्र आपण मोठी माणसे सहज विसरतो. ज्यांच्यावर आपण विसावतो त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न वाचकांनी मजबरोबर एखाद्या मांडवाखाली उभे राहून पाहावा.

आमच्या हैदराबादेस द्राक्षाचा मांडव ही एके काळी ओळखीची वस्तू होती. १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी येथे आणलेली ‘अनाब-ए-शाही’ ही जात पुढे फार नावाजली. घड मोठे व जड, आणि वेलीला वाढीचा असा जोर की ती साध्या काठीवर मावेना. म्हणून पुरुषभर उंचीचे खांब व त्यांवर तारांची जाळी करीत. पुढे शहर पसरले, बागांच्या जागी वसाहती उठल्या. तरी अंगणात, गच्चीवर दोडक्याचा, तोंडलीचा, जाईचा लहानसा मांडव आजही दिसतो, आणि त्याचे शास्त्र तेच आहे.

मांडव मोडतो कोठे? पुष्कळांना वाटते, मध्यभागी, जेथे ओझे लोंबताना दिसते. वस्तुतः मधल्या खांबावर ओझे सरळ खाली येते, आणि सरळ ओझे खांब निमूटपणे सोसतो. खरी ओढ कोपऱ्याच्या खांबांना असते. सर्व तारा शेवटी तेथे येऊन बांधलेल्या, आणि प्रत्येक तार खांबाला आत खेचणारी. पाने पावसाने भिजली, त्यात मृगाआधीचे वारे सुटले, की ते हिरवे छत शिडासारखे फुगते व ओढ वाढते. म्हणून जाणता माळी कोपऱ्याचा खांब बाहेरच्या अंगास कलता पुरतो, आणि त्याच्या माथ्यापासून एक तार खाली आणून जमिनीत गाडलेल्या धोंड्याला घट्ट बांधतो. त्याला ताण देणे म्हणतात. घड पाहायला येणाऱ्यास तो धोंडा दिसत नाही.

घराघरांत असा एक कोपऱ्याचा खांब असतो. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे सारे करणारी थोरली बहीण घ्या. ‘ताई आहे ना, मग आम्हाला घोर नाही,’ असे पुण्यामुंबईची भावंडे म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. पण ताई रात्री किती वेळा उठते, महिन्यातून एक दिवस तरी तिला घराबाहेर पडता येते काय, हे कोणी विचारीत नाही. तिची स्तुती मात्र होते. स्तुती म्हणजे ताण नव्हे. पुष्कळदा स्तुतीने आणखी एक तार तिच्या माथ्याला गुंडाळली जाते, कारण ज्याला थोर ठरविले त्याला ‘मी थकले’ म्हणण्याची सोय उरत नाही.

मग कोणी कोणावर टेकूच नये काय? तसे नाही. द्राक्षाच्या लाकडाची भांडे अडकवायला खुंटीसुद्धा होत नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने निराळ्या संदर्भात दाखवून दिले आहे. पण त्यासाठी वेलीला आळशी कोण म्हणेल? चढणाऱ्या वेलींवर डार्विनने १८६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. काही वेलींच्या ज्या तणाव्याला धरायला काही सापडत नाही तो थोड्याच दिवसांत सुकून गळतो, आणि ज्याने पकड घेतली तो जाड व चिवट होतो, असे त्याला आढळले. तेव्हा आधार घेतल्याने दुबळेपण येते हे काही खरे नाही. (योहानाच्या पंधराव्या अध्यायावर आपण इतके उपदेश ऐकतो, पण मांडवाविषयी कोणी बोलल्याचे स्मरत नाही.) वडिलांनी लेकीचा हात धरला यात दोष नाही. दोष आहे तो तिला ताण न देण्यात.

ताण देण्यातही अक्कल लागते. लाकडी खांब कुजतो तो बहुधा मातीलगत, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून तो धडधाकटच दिसतो. म्हणून माथ्याला रंग देऊन भागत नाही, बुंध्याशी उकरून पाहावे लागते. बहिणीच्या बाबतीत तो बुंधा म्हणजे तिची झोप, तिच्या हातचा पैसा, तिचे स्वतःचे दुखणे. सणाला पाठविलेली साडी तेथपर्यंत पोहोचत नाही.

द्राक्षाच्या मांडवाची डागडुजी खरे तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर करावी. तेव्हा तारा मोकळ्या असतात, ओझे नसते. पण घरातले दुखणे छाटणीची वाट पाहत नाही. भरल्या वेलीखाली काम करणे आलेच, तर जुना खांब आधी उपटीत नाहीत. शेजारी दुसरा रोवतात, तो माती धरीपर्यंत थांबतात, आणि मग एकेक तार सोडवून त्यावर घेतात. भावाने पंधरा दिवसांची रजा काढून यावे ते असे. पहिले दोन दिवस औषधांच्या वेळा आणि वडिलांना कुशीवर कसे वळवायचे एवढे शिकून घ्यावे, आणि तिसऱ्या रात्री ताईला दुसऱ्या खोलीत निजू द्यावे.