दगडाखालची साक्ष

बाटलीत भरलेले पाणी ओढ्याचा एक क्षण सांगते. प्राणवायू किती विरघळला आहे, आम्लता किती, नायट्रेट किती, हे त्यातून कळते. रात्री सोडलेले सांडपाणी मात्र सकाळपर्यंत पुढे गेलेले असते. तपासणीची वेळ ठाऊक असली की निर्दोष दिसणे कुणालाही जमते.

दगडाखाली राहणाऱ्याला ती सोय नाही. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले पाण्यात कित्येक महिने काढतात. पंख फुटल्यावर वाट्याला येतात ते काही तास, फार तर एक-दोन दिवस. त्या प्रौढाला खाता येईल असे तोंडही उरत नाही. जगायचे ते तळाशी जगून झालेले असते. ओढ्याची हकीकत म्हणून तिथेच शोधावी लागते. माणसाचेही त्याच्या समारंभांवरून फारसे कळत नाही.

प्रवाहाला आडवी जाळी धरतात, वरच्या अंगाला पायाने तळ ढवळतात. जाळीत कोण आले ते दिसते. कोण आले नाही, हे कळायला तिथे कोण असायला हवे होते ते ठाऊक असावे लागते. ज्याने निर्मळ ओढा पाहिलाच नाही, त्याला उणीव दिसत नाही. आजोबांचे नुकसान नातवाला रीतच वाटते.

पाणी बिघडले की तळाच्या कीटकांपैकी स्टोनफ्लाय लवकर नाहीशी होते. तिला गार, खळाळते पाणी लागते. ब्रिटनमधल्या एका गुणांकन पद्धतीत तिच्या बहुतेक कुळांना १० गुण आहेत, गाळातल्या गांडूळवर्गीय किड्यांना १. जो कमी सोसतो, त्याची साक्ष तिथे मोलाची. माणसांत आपण उलटे करतो. सोसत राहणाऱ्याचा गौरव होतो आणि आधी निघून गेलेल्याला नाजूक ठरवले जाते. तो गेला तेव्हा पाण्याविषयीच काही सांगत होता, हे फार उशिरा उमगते.

राहिलेल्यांचा दोष नाही. गाळातल्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. अपुऱ्या प्राणवायूवर त्या तग धरतात. पाणी त्यांनी नासवलेले नाही. पण त्यांची गर्दी दाखवून नदी जिवंत आहे असे कोणी म्हणाले, की मला भय वाटते. संख्या भरते आणि प्रकार घटत जातात, तेव्हा ऱ्हास पुष्कळ पुढे गेलेला असतो. सभागृहांतही हे पाहिले आहे.

आपल्याकडे पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सियसला ३ दिवस अंधारात ठेवतात आणि तेवढ्यात किती प्राणवायू संपला ते मोजतात. घाण निस्तरायला किती श्वास खर्ची पडला, हेच तिचे माप. इतर अपराधांनाही हे माप लावायला हवे.

घाण थांबली म्हणून कीटक लगेच परतत नाहीत. वाहत किंवा उडत यायला जवळपास एखादा निर्मळ ओहोळ शिल्लक असावा लागतो. पुण्यातली मुठा कधी सुधारायची असेल, तर तिच्या उगमाकडचे सह्याद्रीतले ओढे आधी राखले पाहिजेत. तिथल्या दगडांखाली आज कोण कोण आहे, याची नोंद आजच झाली पाहिजे.