दोष यंत्राचा कीं मनुष्याचा?

अपघात घडला म्हणजे कोणी म्हणतो, यंत्रानें दगा दिला; कोणी म्हणतो, ईश्वराची इच्छा. हीं दोन्ही उत्तरें मनास सोयीचीं आहेत, कारण दोहोंतही कोणा मनुष्यास जाब द्यावा लागत नाहीं. परंतु तीं पुरेशीं आहेत काय?

विमानविद्या बाल्यावस्थेंत असतांना, १७ सप्टेंबर १९०८ रोजीं, अमेरिकेंतील फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल राइट हे एकावर एक असे दुहेरी पंख असलेलें आपलें विमान चालवीत होते. लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज शेजारीं बसले होते. अकस्मात् विमान पुढें लोटणाऱ्या एका पंख्याचें पातें चिरलें व सुकाणूच्या तारेस लागलें. राइट ह्यांनीं एंजिन बंद करून खालीं उतरण्याचा यत्न केला, पण विमान जमिनीवर आदळलें. सेल्फ्रिज मरण पावले. येथें यंत्र मोडलें ह्यांत संशय नाहीं. तथापि मांडीचें हाड मोडून रुग्णालयांत पडलेल्या राइट ह्यांनीं लाकडास बोल लावून विषय सोडला नाहीं. मोडतोडीचें कारण शोधलें, आणि १९०९ सालीं त्याच ठिकाणीं नव्या विमानानें परीक्षा पुरी केली.

आतां आपल्या जवळचें उदाहरण पाहूं. छत्रपती संभाजीनगरास औरंगाबाद म्हणत, त्या काळीं, २६ एप्रिल १९९३ रोजीं तेथून मुंबईस निघालेलें बोइंग विमान धांवपट्टीवरून उशिरानें उचललें गेलें. पलीकडील बीड रस्त्यानें कापसाच्या गांठींनीं भरलेला ट्रक चालला होता. विमान त्यास धडकलें, पुढें विजेच्या तारांस लागलें व कोसळलें. विमानांतील ११८ जणांपैकीं ५५ जण प्राणांस मुकले. वैमानिकांनीं विमान उचलण्यांत चूक केली, आणि उड्डाणाच्या वेळीं रस्त्यावरील रहदारीचें नियमन झालें नाहीं, असें चौकशींत ठरलें.

ह्यांपैकीं कोणाच्या मनांत द्वेष नव्हता. मग त्यांस दोष द्यावा काय? आमच्या मतें, दोष दाखविणें निराळें व मनुष्यास धिक्कारणें निराळें. चुकलेल्यावर दया करावी. परंतु चूक झांकूं नये, कारण झांकलेली चूक उद्यां दुसऱ्याचा जीव घेते. यंत्रास विवेक नाहीं, म्हणून त्याच्याविषयींची जबाबदारी तें करणाऱ्यावर, तपासणाऱ्यावर व चालविणाऱ्यावर येते.

वाचकहो, आपण विमानें चालवीत नाहीं. पण बैलगाडी जुंपतों. चाकाची खीळ सैल झालेली सकाळीं दिसते, आणि "आजच्या दिवस चालेल" असें म्हणून आपण मुलांबाळांस गाडींत बसवितों. वाटेंत चाक निघालें, तर तें दैव म्हणावें काय? ज्या क्षणीं खीळ दिसली, त्याच क्षणीं आपलें कर्तव्य सुरू झालें होतें.